लिओनार्दो तोरेस केवेदो

लिओनार्दो तोरेस केवेदो (जन्म : सांता क्रूझ दे इगुन्या, कांताब्रिया, २८ डिसेंबर १८५२, मृत्यू : माद्रिद, १८ डिसेंबर १९३६) हे स्पॅनिश स्थापत्य अभियंते, गणितज्ञ व संशोधक होते. आकाशपाळणे, वायुनौका, दूरनियंत्रण, गणनयंत्रे अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी मौलिक काम केले. १९१२च्या सुमारास त्यांनी बांधलेले ‘एल आखेद्रेसिस्ता’ (बुद्धिबळपटू) हे यंत्र मानवी मदतीशिवाय बुद्धिबळाचा डाव खेळणारे पहिले खरे यंत्र मानले जाते. पांढरा राजा आणि हत्ती यांच्या साहाय्याने ते एकट्या काळ्या राजावर हटकून मात करीत असे. आजच्या संगणकीय बुद्धिबळात ज्याला सक्तीची मात म्हणतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने कोणतीही खेळी केली तरी न टळणारी मात, ती यंत्राने प्रत्यक्ष घडवून आणल्याचे हे पहिले उदाहरण होय.

बालपण आणि शिक्षण

तोरेस केवेदो यांचे वडील लुईस तोरेस विल्दोसोला हे रेल्वे अभियंते होते. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब बिल्बाओ येथे राहत असे. वडिलांना कामानिमित्त बाहेरगावी राहावे लागे, तेव्हा लिओनार्दो यांचा सांभाळ बिल्बाओतील नात्यातल्या बारेनेचेआ घराण्यातील स्त्रियांनी केला. त्यांच्याकडून पुढे मिळालेल्या वारशामुळे तोरेस केवेदो यांना पोटासाठी नोकरी करण्याची गरज उरली नाही. संशोधनाला आयुष्य वाहून घेणे त्यांना शक्य झाले, याचे हे एक महत्त्वाचे कारण होते.

बिल्बाओ येथील शालेय शिक्षणानंतर १८६८ ते १८७० या काळात ते पॅरिसमध्ये शिकले. १८७१ साली त्यांनी माद्रिदच्या मार्ग व स्थापत्य अभियांत्रिकी विद्यालयात प्रवेश घेतला. तिसऱ्या कार्लिस्ट युद्धात बिल्बाओला वेढा पडला, तेव्हा शहराच्या संरक्षणासाठी ते स्वयंसेवक म्हणून दाखल झाले. १८७६ मध्ये शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी थोडा काळ रेल्वेच्या कामांवर काढला आणि नंतर युरोपात प्रवास करून तेथील तांत्रिक प्रगतीचा अभ्यास केला. १८८५ मध्ये लूझ पोलांको इ नावारो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना आठ अपत्ये झाली. त्यांपैकी गोन्सालो हे पुढे वडिलांच्या कामात सहकारी बनले.

आकाशपाळणे

विवाहानंतर तोरेस केवेदो काही वर्षे कांताब्रियातील पोर्तोलिन या गावी राहिले. तेथे १८८७च्या सुमारास दरी ओलांडण्यासाठी त्यांनी दोरखंडांवरून जाणारा एक लहान पाळणा उभारला. तो ओढण्यासाठी गायींची जोडी वापरली जाई. त्याच वर्षी त्यांनी अनेक आधारदोर असलेल्या आकाशपाळण्याचे एकस्व मिळवले. १८९०च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी अशा पाळण्याचा प्रस्ताव मांडला, परंतु माणसांची वाहतूक दोरावरून करणे धोक्याचे वाटल्याने तो नाकारला गेला.

या नकाराचे कारण असलेल्या धोक्याचाच विचार त्यांच्या रचनेत मुळापासून केलेला होता. दोराचे एक टोक पक्के बांधून दुसऱ्या टोकाला ठरावीक वजन टांगले, की पाळण्यात कितीही माणसे बसली तरी दोरातील ताण तेवढाच राहतो. असे अनेक दोर एकमेकांपासून स्वतंत्र ठेवले, तर त्यांपैकी एखादा तुटला तरी उरलेल्यांवरचा ताण वाढत नाही. पाळणा थोडा खाली येतो, पण पडत नाही. जे जे विपरीत घडू शकेल, त्या प्रत्येकाचे उत्तर आधीच यंत्राच्या बांधणीत घालून ठेवायचे, ही पद्धत त्यांच्या पुढील सर्व कामांत दिसते.

१९०७ मध्ये सान सेबास्तियन शहराजवळील मोंते उलिया येथे या पद्धतीचा प्रवासी आकाशपाळणा सुरू झाला. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध आकाशपाळणा ८ ऑगस्ट १९१६ रोजी नायगारा नदीच्या भोवऱ्यावर सुरू झाला. सुमारे ५४० मीटर लांबीचा हा मार्ग कॅनडात सुरू होऊन कॅनडातच संपतो, मात्र मध्ये काही अंतर अमेरिकेच्या हद्दीवरून जातो. शंभराहून अधिक वर्षांनंतरही तो पर्यटकांच्या सेवेत आहे.

वायुनौका आणि तेलेकिनो

१९०२ मध्ये तोरेस केवेदो यांनी नव्या प्रकारच्या वायुनौकेचा आराखडा माद्रिद व पॅरिस येथील विज्ञान अकादमींना सादर केला. फुग्याच्या आतून बांधलेल्या दोरांमुळे तीन पाकळ्यांसारखा आकार येऊन नौकेला ताठपणा मिळे. फ्रान्समधील आस्त्रा कंपनीने त्यावरून आस्त्रा-तोरेस वायुनौका बांधल्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटन व फ्रान्स यांनी त्यांचा सागरी टेहळणीसाठी वापर केला.

वायुनौकेची चाचणी माणसाचा जीव धोक्यात न घालता करता यावी, या गरजेतून तेलेकिनो हे दूरनियंत्रणाचे यंत्र जन्माला आले. १९०३ मध्ये त्यांनी ते पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले. बिनतारी लहरींच्या ठोक्यांची संख्या मोजून त्यानुसार वेगवेगळ्या आज्ञा अमलात आणणे, ही त्यामागील कल्पना होती. सप्टेंबर १९०६ मध्ये बिल्बाओ बंदरात राजे तेरावे आल्फोन्सो आणि मोठा जनसमुदाय यांच्यासमोर त्यांनी किनाऱ्यावरून एक नाव चालवून दाखवली. पुढील विकासासाठी लागणारा निधी मात्र मिळाला नाही आणि हे काम तेथेच थांबले.

बुद्धिबळपटू यंत्र

बुद्धिबळ खेळणारे यंत्र ही कल्पना युरोपला नवी नव्हती. व्होल्फगांग फोन केंपेलेन यांनी १७७०च्या सुमारास दाखवलेला ‘तुर्क’ दीर्घकाळ गाजला, परंतु त्याच्या पेटीत एक कसलेला खेळाडू लपलेला असे. त्यामुळे खेळणारे यंत्र म्हटले की फसवणुकीचा संशय येणे स्वाभाविक झाले होते. तोरेस केवेदो यांच्या यंत्रात कोणीही लपलेले नव्हते. त्यांनी ते करमणुकीसाठीही बांधलेले नव्हते. ज्या कृतीसाठी विचार लागतो असे लोक समजतात, ती कृती यंत्राकडून करवून घेता येते का, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यासाठी त्यांनी संपूर्ण डाव न निवडता डावाचा एक छोटा शेवट निवडला. पांढऱ्या बाजूला राजा व हत्ती आणि काळ्या बाजूला केवळ राजा. पांढरी मोहरी यंत्र हलवी आणि काळा राजा माणूस हलवी. हा शेवट पांढऱ्याने नेहमी जिंकावा असा असला, तरी काळ्या राजाला प्रत्येक वेळी अनेक घरे मोकळी असतात. त्याच्या प्रत्येक पर्यायाला योग्य उत्तर मिळाले, तरच मात सक्तीची ठरते.

यंत्र पुढच्या खेळ्यांचा अंदाज घेत नसे. पटावरील तीन मोहऱ्यांची परस्परांपासूनची अंतरे विद्युत संपर्कांतून त्याला कळत आणि त्यावरून ठरलेल्या क्रमाने पुढील नियम लागू होत. काळ्या राजाला पटाच्या तळाकडे रेटायचे, असा त्यांचा रोख होता.

पटाच्या डाव्या कडेचे तीन उभे स्तंभ हा एक विभाग आणि उजव्या कडेचे तीन स्तंभ हा दुसरा विभाग. काळा राजा आणि हत्ती एकाच विभागात आले, की हत्ती आडव्या रेषेत पटाच्या दुसऱ्या बाजूला निघून जाई. त्यामुळे राजा हत्तीवर चालून आला तरी हत्ती मारला जात नसे.

हत्ती सुरक्षित असेल आणि तो काळ्या राजापेक्षा एकाहून अधिक ओळी वर असेल, तर हत्ती एक घर खाली येई. तो अगदी लगतच्या ओळीत असेल, पण दोन राजांमध्ये दोनपेक्षा अधिक ओळींचे अंतर असेल, तर पांढरा राजा एक घर खाली येई. अशा रीतीने हत्तीची ओळ ही काळ्या राजाला ओलांडता न येणारी भिंत बने आणि पांढरा राजा त्या भिंतीमागून पुढे सरके.

दोन्ही राजांत नेमके दोन ओळींचे अंतर उरले, की निर्णय त्यांच्यातील आडव्या अंतरावर अवलंबून असे. हे अंतर शून्य असेल, म्हणजे राजे समोरासमोर असतील, तर हत्ती एक घर खाली येऊन शह देई. पांढऱ्या राजाने समोरची तिन्ही घरे रोखलेली असल्याने काळ्या राजाला आणखी खाली उतरावे लागे, आणि तो आधीच तळाच्या ओळीत असेल तर तीच मात. आडवे अंतर शून्याहून अधिक व सम असेल, तर पांढरा राजा काळ्याच्या दिशेने एक घर सरके. अंतर विषम असेल, तर हत्ती आडवा एक घर हलून केवळ खेळीची पाळी काळ्यावर ढकलत असे.

या शेवटच्या नियमात यंत्राचे मर्म आहे. समोरासमोर येण्याची चूक कोणाच्या पाळीने होते, यावर या शेवटाचा निकाल ठरतो. अंतर विषम असताना पांढरा राजा पुढे सरकला, तर काळ्याला निसटण्याची संधी मिळते. हत्तीने वाट पाहणारी खेळी केली, की हलणे काळ्यालाच भाग पडते. तो आपल्या ओळीत पळत राहिला, तर पांढरा राजा त्याच्यामागे जातो. कडेला पोचल्यावर पळायला घर उरत नाही आणि त्याला परत फिरून पांढऱ्या राजासमोर यावे लागते. तो ओळ सोडून खाली उतरला, तर भिंत त्याच्यामागे खाली उतरते. म्हणजे त्याचा प्रत्येक मार्ग अखेरीस तळाच्या ओळीकडेच जातो.

हा मार्ग सर्वांत जवळचा मात्र नव्हता. या शेवटात पांढऱ्याने अचूक खेळ केल्यास कोणत्याही स्थितीतून जास्तीत जास्त १६ खेळ्यांत मात होते. तोरेस केवेदो यांच्या यंत्राला काही स्थितींतून ५०हून अधिक खेळ्या लागू शकत. त्यांनी वेग सोडून खात्री स्वीकारली, आणि त्या बदल्यात मोजक्या तारा व विद्युतचुंबक यांनी काम भागले.

माणसाने नियमबाह्य खेळी केली, तर यंत्रावरील दिवा लागे. तिसऱ्या चुकीनंतर यंत्र खेळणे थांबवी. पहिल्या यंत्रात मोहरी यांत्रिक भुजांनी हलवली जात. १९२०च्या सुमारास गोन्सालो यांच्या सहकार्याने बांधलेल्या दुसऱ्या, अधिक देखण्या यंत्रात पटाखालील चुंबकांच्या साहाय्याने ती हलत.

पहिले यंत्र १९१४ मध्ये पॅरिस विद्यापीठात दाखवण्यात आले. नोव्हेंबर १९१५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या पुरवणीत त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले.

स्वयंचलनाचा सिद्धान्त

यंत्रामागील विचार तोरेस केवेदो यांनी १९१४ मध्ये ‘एन्सायोस सोब्रे आउतोमातिका’ (स्वयंचलनविषयक निबंध) या लेखनात मांडला. माणसाच्या हालचालींचे बाह्य अनुकरण करणाऱ्या बाहुल्या आणि परिस्थिती पाहून कृती निवडणारी यंत्रे यांत त्यांनी स्पष्ट भेद केला. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांच्या अभ्यासाला त्यांनी स्वतंत्र शास्त्राचा दर्जा द्यावा असे सुचवले. अशा यंत्राला बाह्य स्थिती जाणणारी इंद्रिये, कृती करणारे अवयव आणि ऊर्जा हवीच. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आलेल्या ठशांनुसार, आणि गरज पडल्यास पूर्वी आलेल्या ठशांनुसारही, योग्य कृती निवडण्याची क्षमता हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

यंत्राला समोरच्याच्या वागण्यानुसार समर्पक प्रतिसाद देता येणार नाही, हा देकार्त यांच्यापासून चालत आलेला समज त्यांनी अमान्य केला. मात्र यंत्राला बुद्धी आली, असाही दावा त्यांनी केला नाही. यंत्राने पाळायचे नियम माणसाने आधी विचार करून ठरवलेले असतात. विचार नियम रचताना होतो, खेळताना नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. याच लेखनात चार्ल्स बॅबेज यांच्या अपुऱ्या राहिलेल्या यंत्राचा विचार करून त्यांनी विद्युतचुंबकांवर चालणाऱ्या गणनयंत्राची दिशा दाखवली. फार मोठ्या व फार लहान संख्या थोड्या जागेत मांडण्याची, आज संगणकांत चरबिंदू म्हणून ओळखली जाणारी पद्धतही त्यांनी तेथे सुचवली होती.

१९२० मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये विद्युत-यांत्रिक अंकगणितयंत्र दाखवले. टंकलेखन यंत्रावर उदाहरण टंकित केले, की उत्तर त्याच यंत्रावर आपोआप उमटे. त्याचे व्यापारी उत्पादन झाले नाही.

सन्मान आणि अखेरची वर्षे

१९०१ मध्ये तोरेस केवेदो यांचा माद्रिदच्या राजकीय विज्ञान अकादमीत प्रवेश झाला. १९२० मध्ये कादंबरीकार बेनितो पेरेझ गाल्दोस यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी स्पॅनिश भाषेच्या राजकीय अकादमीत त्यांची निवड झाली. स्पॅनिश भाषक देशांसाठी तांत्रिक शब्दांचा कोश तयार व्हावा, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. १९२७ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना परदेशी सहयोगी सदस्यत्व दिले.

स्पेनमधील यादवी युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात, माद्रिदला वेढा पडलेला असताना, ८४व्या वाढदिवसाच्या दहा दिवस आधी त्यांचे निधन झाले. युद्धाच्या धामधुमीत या घटनेची फारशी दखल घेतली गेली नाही.

सक्तीच्या मातेचा पुढील शोध

१९५१च्या जानेवारीत पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत गोन्सालो यांनी दुसरे यंत्र सायबरनेटिक्सचे प्रवर्तक नॉर्बर्ट वीनर यांना खेळून दाखवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर येथे डिट्रिख प्रिन्झ यांनी फेरांटी मार्क १ या संगणकावर दोन खेळ्यांत मात शोधणारा कार्यक्रम चालवला. या कार्यक्रमाला कोणताही विशेष नियम माहीत नव्हता. पांढऱ्याची प्रत्येक खेळी, तिच्यावरील काळ्याचे प्रत्येक उत्तर आणि त्यानंतरची प्रत्येक खेळी तो तपासून पाहत असे. एक कोडे सोडवायला त्याला सुमारे १५ मिनिटे लागली. त्यात किल्लेकोट व प्याद्याची बढती यांसारखे नियमही वगळलेले होते.

या दोन पद्धतींमधील फरक पुढील इतिहासात महत्त्वाचा ठरला. तोरेस केवेदो यांचे यंत्र एकच शेवट जाणे, पण तेथे त्याला काहीही शोधावे लागत नसे. प्रिन्झ यांचा कार्यक्रम अनेक प्रकारच्या स्थिती हाताळू शके, पण खेळ्यांची संख्या वाढली की तपासायच्या शाखा भूमितीय श्रेणीने वाढत. त्यामुळे पुढील कार्यक्रमकारांचे बरेचसे प्रयत्न शाखा कमी करण्यासाठी झाले.

सक्तीच्या मातेत मात देणाऱ्याला एक यशस्वी खेळी पुरते, तर बचाव करणाऱ्याचे प्रत्येक उत्तर फोल ठरावे लागते. म्हणून बचावाचे एक जरी चांगले उत्तर सापडले, तरी ती खेळी तेथेच सोडून देता येते आणि तिच्याखालील सर्व शाखा वाचतात. शह देणाऱ्या खेळ्या आधी पाहिल्यास बचावाची उत्तरे मोजकी उरतात. आधी एका खेळीची, मग दोन, मग तीन खेळ्यांची मात शोधली, तर सर्वांत छोटी मात प्रथम हाती लागते. वेगवेगळ्या क्रमाने एकाच स्थितीला पोचल्यास ती पुन्हा न तपासता स्मृतीतील निष्कर्ष वापरला जातो. १९९४ मध्ये व्हिक्टर अलिस यांनी मांडलेल्या पद्धतीत, जी शाखा सिद्ध करण्यासाठी कमीत कमी स्थिती तपासाव्या लागतील, तिकडे शोध आधी वळवला जातो. काळ्या राजाची कोंडी जेथे सर्वाधिक झाली आहे, तेथे कार्यक्रम आपोआप खोल जातो.

मोजक्या मोहऱ्यांच्या शेवटांसाठी उलट दिशेचा मार्ग निघाला. मात झालेल्या सर्व स्थिती प्रथम लिहून काढायच्या आणि तेथून एकेक खेळी मागे जात प्रत्येक स्थितीपासून मात किती दूर आहे, याची नोंद करायची. टोमास श्ट्र्योलाइन यांनी १९७० मध्ये या पद्धतीने अशा लहान शेवटांचा अभ्यास केला. राजा, हत्ती व राजा यांची मांडणी ६४ × ६४ × ६४, म्हणजे २,६२,१४४ प्रकारांहून अधिक होऊ शकत नाही. एवढी नोंद आजच्या साध्या संगणकालाही सहज पेलते. तोरेस केवेदो यांच्या काळात अशी नोंद ठेवणारी स्मृतीच उपलब्ध नव्हती. लाखो स्थितींची यादी न करता त्या सर्वांना पुरतील एवढे थोडे नियम त्यांना शोधून काढावे लागले.

वारसा

दोन्ही बुद्धिबळपटू यंत्रे माद्रिद येथील तांत्रिक विद्यापीठाच्या स्थापत्य अभियांत्रिकी विद्यालयातील तोरेस केवेदो संग्रहालयात जतन केलेली आहेत. २००७ मध्ये विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने तेलेकिनोला अभियांत्रिकीतील ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली. संगणकीय बुद्धिबळाच्या इतिहासात तोरेस केवेदो यांचे नाव आरंभीच घेतले जाते. पूर्ण डाव खेळणारे यंत्र त्यांनी बांधले नाही. पण जेथे निकाल निश्चित आहे तेथे तो यंत्राच्या हातूनही निश्चितपणे घडवता येतो, हे त्यांनी संगणकाच्या जन्माआधी तीन दशके दाखवून दिले.